मोटारींचं पुस्तक

परवा भाचीबरोबर पुस्तक प्रदर्शनाला गेले होते. तिच्या मुलानं मोटारींच्या चित्रांचं एक पुस्तक उचललं. भाची म्हणाली, "ठेव ते, त्याचा काय उपयोग? सामान्यज्ञानाचं घे." मी तिथे गप्प बसले, पण रात्री झोप लागेना. म्हणून हे लिहितेय. (रागावू नकोस गं!)

मी दहा-अकरा वर्षांची असेन. मामा मुंबईत नोकरीला होता. फोर्टातल्या फुटपाथवरून त्यानं खिशात मावेल एवढं एक इंग्रजी पुस्तक आणलं, 'ऑब्झर्व्हर्स बुक ऑफ ऑटोमोबाइल्स'. इंग्लंडात १९५५ पासून त्याच्या आवृत्त्या निघत. गाडीचा फोटो आणि खाली तिची माहिती. मला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते! आजी म्हणायची, "मुलीच्या जातीला मोटारी कशाला?" मामा नुसता हसायचा.

पुढे मिळेल तिथून वाचत गेले. जॅग्वार ई-टाइप १९६१ साली जिनिव्हात लोकांपुढे आली. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि ताशी १५० मैलांचा दावा. तेव्हा मेट्रिक मापं नवीनच होती. पाटीवर किलोमीटर केले, २४०! आमची एस.टी. घाटात माणसाच्या चालीनं चढायची.

मर्सिडीज ३०० एसएलची दारं पंखांसारखी वर उघडत. मला ती नुसती ऐट वाटे. मग कळलं, की तिचा सांगाडा बारीक नळ्यांचा होता आणि मजबुतीसाठी तो दोन्ही कडांना इतका उंच ठेवलेला, की नेहमीचं दार बसेना. म्हणून दारं वर गेली.

आणि आमच्या डॉक्टरांची स्टँडर्ड हेरल्ड! ती १९६१ पासून मद्रासला बनू लागली. मूळची ती इंग्लंडची ट्रायम्फ. तिचीच चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर ही छोटी स्पोर्ट्सकार निघाली. दोन्हींचं रूप मिकेलोत्ती या इटालियन माणसानं रेखलेलं. हे वाचल्यावर डॉक्टरांची गाडी मला स्पिटफायरची थोरली बहीण वाटायची.

उपयोग काय झाला? काहीच नाही. मी कधी गाडी चालवायलाही शिकले नाही. पण मुलीकडे इंग्लंडला गेले, तेव्हा लंडनच्या आधी कॉव्हेंट्री दाखव म्हणाले. ई-टाइप आणि स्पिटफायर दोन्ही तिथल्याच. संग्रहालयात मी इतका वेळ उभी राहिले, की जावईबापूंनी खुर्ची शोधून आणली.

आता एक कबुली. मी शिकवत होते तेव्हा आठवीतला एक मुलगा भूमितीच्या तासाला बाकाखाली वही धरून बसायचा. वर्तमानपत्रातली मोटारींची कात्रणं आणि खाली सुवाच्य मराठीत माहिती. मी ती वही काढून घेतली. "वार्षिक परीक्षेनंतर ने" म्हणाले. परीक्षेनंतर वडिलांची बदली झाली आणि तो गेला. वही माझ्या कपाटात राहिली, ती आजही आहे. सगळ्या वर्गात त्याची भाषा मला एकटीला कळत होती आणि ती वही मीच बंद केली. तेव्हा माझ्याही तोंडी तोच प्रश्न होता, "याचा काय उपयोग?"

कुणी म्हणेल, तासाला शिस्त नको का? हवीच. पण तास संपल्यावर वही परत करून "ही गाडी कुठली रे?" असं विचारायला मला काय झालं होतं? मुलाचं लक्ष कशात लागतं हे त्याच्या आवडीच्या पुस्तकातून दिसतं. ते पुस्तक आपण काढून घेतलं, तर सामान्यज्ञान तो कुठल्या ओढीनं वाचणार?

असो. ते मोटारींचं पुस्तक मी काल जाऊन विकत आणलंय. भाचीला आजच सांगते, रविवारी लेकाला घेऊन ये. वहीसुद्धा त्याला दाखवीन म्हणते.