मुतखडा झाला म्हणून परसातलं अळू उपटू नका

पावसाळा लागला की आजऱ्यात परसातलं अळू डोकं वर काढतं आणि दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, खडा झालाय, अळू काढूनच टाकू का?" माझं मत विचाराल तर, नको.

अळू दरवर्षी लावावं लागत नाही. पानं सुकली तरी जमिनीत गड्डा राहतो, पहिल्या पावसात पुन्हा फुटतो. आंबोली घाट उतरून कोकणात गेलात तर जांभ्या मातीतही न्हाणीच्या पाण्यावर ते तग धरून असतं. बीटा कॅरोटीन आणि फोलेट देणारी इतकी बिनखर्चाची भाजी सहज मिळत नाही.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि अळूत ऑक्झलेट भरपूर असतं, हे खरं. घसा खाजतो तोही त्याच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. पण अळू सोडलेला माणूस दिवसभर शेतात दोन तांब्यांवर भागवत असेल, तर खडा पुन्हा होणारच. लघवी दाट होणं हे मोठं कारण. चोवीस तासांत दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर आधी विचारा.)

दुसरी चूक म्हणजे कॅल्शियमच्या भीतीने दूध-दही सोडणं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि ते शौचावाटे निघून जातं. म्हणून अळूबरोबर वाटीभर दही किंवा ताक घ्याच.

भाजी करताना पानं भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या; विरघळणारं ऑक्झलेट त्यातून बरंच जातं. चिंचेने खाज कमी होते, ऑक्झलेट जात नाही. वडी वाफेवर उकडतो, पाणी निथळत नाही, म्हणून खडेवाल्यांनी ती गणपतीला दोन-चार खावी, रोज नाही.

ज्यांचं क्रिएटिनिन वाढलंय किंवा खडे पुन्हापुन्हा होतात, त्यांनी मात्र अळू टाळावं. वॉरफरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू-घटवू नका.

आणि कुशीत कळ येऊन थंडीताप भरला किंवा लघवी बंद झाली, तर काढा पीत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.