न विकलेले भूखंड

कॅनडातील सॅस्कटून येथे माझी कन्या राहते. निवृत्तीनंतर काही आठवडे तिच्याकडे राहण्याचा योग आला. महसुली कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला नव्या गावी देवळे किंवा बाजार आधी दिसत नाहीत, जमिनीची आखणी दिसते. येथे तर ती डोळ्यांत भरावी अशीच आहे : सपाट गवताळ मैदान, त्याला छेदणारी नदी, आणि दोरी धरून पाडावेत तसे चौकोन.

१८८३ मध्ये टोरोंटोतील एका मद्यनिषेधवादी संस्थेच्या वसाहतकारांनी नदीच्या पूर्व तीरावर हे गाव वसवले. १८९० मध्ये रेल्वे आली, पण स्टेशन झाले पश्चिमेला. गावाचे नावही स्टेशनामागून पलीकडे गेले आणि मूळ वस्तीला न्यूटाना हे नवे नाव मिळाले. १९०६ मध्ये पुलाच्या आश्वासनावर सॅस्कटून, न्यूटाना आणि रिव्हर्सडेल या वस्त्या एक होऊन शहर झाले. १९०१ च्या जनगणनेत जेथे ११३ माणसे होती, तेथे १९११ मध्ये १२,००४ झाली. साहजिकच भूखंडांचा सट्टा माजला. गावाबाहेर मैलोगणती गवतावर नकाशे आखले गेले आणि जागा न पाहताच लोकांनी ते भूखंड विकत घेतले. १९१३ मध्ये बाजार कोसळला, मालकांनी कर भरणे सोडले, आणि थकबाकीपोटी हजारो भूखंड महापालिकेच्या गळ्यात पडले.

माझ्या मते या शहराच्या वस्त्यांचा खरा इतिहास येथून सुरू होतो. तिजोरी रिकामी आणि हाती जमीन, अशा वेळी प्रशासन काय करते हे मी चांगले जाणतो. सॅस्कटूनने बरीचशी जमीन हातची जाऊ दिली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची निकड भासली तेव्हा जमीन शहराचीच होती. १९५० च्या दशकापासून महापालिका स्वतःच विकासक बनली. रस्ते, पाणी, मलनिःसारण यांची सोय करून, शाळा व बागेची जागा राखून, मग तयार भूखंड विकायचे आणि येणाऱ्या पैशातून पुढची वस्ती उभारायची, अशी ही रीत आहे. नफ्याचा काही भाग परवडणाऱ्या घरांकडेही जातो. जुन्या वस्त्यांत सरळ रस्ते, मागून गल्ल्या आणि हाताने लावून वाढवलेले एल्म वृक्ष. नंतरच्या वस्त्यांत वळणदार रस्ते, मध्ये बाग, आणि अनेक ठिकाणी तिच्या कडेला सार्वजनिक व कॅथलिक अशा दोन शाळा. (एल्मची छाटणी १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात कायद्याने बंद असते, रोग पसरवणारे भुंगेरे तेव्हा फिरतात. असा नियम पाळला जातो, याचे मला नियमापेक्षा अधिक नवल वाटले.)

आमच्याकडे काय झाले ते सांगणे भाग आहे. एका नगरपालिकेवर मी प्रशासक असताना मार्चअखेरीस पगाराला पैसे नव्हते. गावाच्या कडेला पालिकेचे अकरा भूखंड होते. मी लिलावाच्या नस्तीवर सही केली, पगार झाले, वरिष्ठांनी शाबासकीही दिली. काही वर्षांनी मुलींच्या शाळेला जागा हवी होती, तेव्हा गावात एक गुंठाही उरला नव्हता. शाळा भाड्याच्या गोदामात भरली.

म्हणून सॅस्कटून हा रामबाण उपाय आहे असे मी म्हणणार नाही. दिल्लीत १९६१ पासून विकास प्राधिकरणाने जमीन संपादन करून विकण्याची योजना राबवली; मक्तेदारी आली, घरांचा पुरवठा मात्र मागणीला पुरला नाही आणि अनधिकृत वसाहती वाढल्या. सॅस्कटूनमध्ये खाजगी विकासकही आहेत, त्यामुळे महापालिकेला स्पर्धेत उतरावे लागते. तरीही जो भूखंड विकतो तोच वापराचे नियम ठरवतो, ही अडचण उरतेच. कडेची जमीन विकण्यात शहराचाच लाभ असल्याने वस्ती पसरत जाते आणि मोटारीवाचून अडते. शिवाय पश्चिमेकडील प्लेझंट हिलमधील दारिद्र्य या जमीन-धोरणाने हटलेले नाही. ही भूमी मुळात ज्यांची, त्यांपैकी मस्केग लेक क्री नेशनला १९८८ मध्ये सदरलंड भागात नागरी राखीव क्षेत्र मिळाले. वसाहत झाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी!

असो. परतण्यापूर्वी एका संध्याकाळी कन्येने मला एव्हरग्रीन ही महापालिकेने वसवलेली नवी वस्ती दाखवली. तेथे लोक आधी राहायला आले आणि शाळा २०१७ मध्ये उघडल्या. मधल्या काळात त्या जागेचे काय झाले, असे मी सवयीने विचारले. तिला प्रश्नच कळला नाही. ‘‘बाबा, ती शाळेची जागा होती ना,’’ ती म्हणाली.