मुळशीला मुले पाठवायची, तर

परदेशातल्या आपल्या मंडळातल्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना हिवाळ्याच्या सुटीत पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात न्यावे आणि एखाद्या वाडीवर गरीब कुटुंबांची घरे बांधायला लावावे, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. दहा-बारा मुले, आठ दिवसांचे काम, शेवटी चाव्या देण्याचा छोटा समारंभ. प्रस्ताव मांडणाऱ्यांची कळकळ मला ठाऊक आहे आणि मुलांनी जावे याच मताची मी आहे. पण आज तो ज्या क्रमाने मांडला आहे त्याच क्रमाने अमलात आणला, तर मुले डिसेंबरात वाडीवर पोचतील तेव्हा ज्यांचे घर बांधायचे ती माणसे बहुधा वाडीवर नसतील.

मुळशीत ज्यांना घराची सर्वांत जास्त गरज आहे त्यांत कातकरी कुटुंबे पहिली मोजावी लागतात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्य केल्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारी ही जमात. जंगल हातातून गेले तसा तो धंदाही गेला. पुणे, रायगड, ठाणे पट्ट्यातली असंख्य कातकरी कुटुंबे आता दिवाळीनंतर घर बंद करून वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. ती पावसाळ्यात किराणा, औषधपाणी, लग्नकार्य यांत संपते आणि पुढचे सहा-सात महिने नवराबायको दोघे ती फेडत राहतात. लहान मुलेही सोबत जातात, म्हणजे शाळाही सुटते.

आता बांधकामाचा हंगाम पाहा. मुळशीच्या पश्चिमेला, ताम्हिणीच्या अंगाला, पाऊस कसा कोसळतो हे त्या भागातून आलेल्यांना सांगायला नको. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीला एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. तिथे पाया खणायचा तो दिवाळीनंतर आणि छप्पर चढायला हवे मेअखेर. म्हणजे घर बांधायचे महिने आणि भट्टीचे महिने अगदी तेच. शहरातल्या बंगल्यांना लागणाऱ्या विटा थापणाऱ्या कुटुंबाला स्वतःच्या भिंतीपाशी उभे राहायला सवड मिळत नाही ती यामुळे.

सरकारी घरकुल मंजूर होऊनही अर्धवट का राहते, याचे एक मोठे कारण इथेच सापडते. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात किमान 25 चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये ठरले. विशेष असुरक्षित जमातींसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये पीएम-जनमन आली आणि त्यात घराची रक्कम 2 लाख झाली. पैसे हप्त्याने मिळतात: जोते झाले की फोटो, मग पुढचा हप्ता, भिंती वर आल्या की पुन्हा फोटो. रोजगार हमीची जोड देऊन 90 ते 95 दिवसांची मजुरीही घरकुलाला धरली गेली. कागदावर हे चांगलेच आहे. पण मजुरी काम झाल्यावर खात्यात येते, आणि भट्टीमालक रोख पैसे आधी हातावर ठेवतो. ज्याच्या घरी आषाढातच दाणे संपले आहेत तो कोणाचे पैसे घेईल? एकदा उचल घेतली की दिवाळीनंतर जावेच लागते. मागे राहिलेल्या जोत्यावर गवत उगवते.

दुसरी अडचण पायाखालच्या जमिनीची. मुळशीत घराचा प्रश्न शंभर वर्षे जमिनीच्या प्रश्नाला बांधलेला आहे. 1921 च्या एप्रिलमध्ये रामनवमीला मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, पण धरण झालेच. खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली आणि पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागले. आज त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी-माणचे आयटी पार्क आहे, पिरंगुटला कारखाने आहेत, भूगाव-भुकूमपासून पुढे सेकंड होमचे फलक आहेत. त्यातली काही घरे आपल्याच मंडळींची आहेत, आणि त्यात गैर काही नाही. मात्र गुंठ्याचा भाव लाखांत गेला तो या मागणीमुळे. भूमिहीन घरकुल लाभार्थ्याला 500 चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना मदत देते, पण त्या रकमेत रस्त्याजवळ कोणी जागा विकत नाही. ज्या जागेवर झोपडी पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे ती सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावाची, नाहीतर वनखात्याची. वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवता येतो, पण त्यासाठी पुरावे गोळा करणारे, पौडच्या तहसील कचेरीत खेटे घालणारे कोणीतरी लागते. जातीचा दाखला नसेल तर अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो. जागा नावावर नाही तोवर बांधलेले घर कधीही अतिक्रमण ठरू शकते. अशा घराची चावी आपल्या मुलांच्या हातून दिली जावी, असे मला मुळीच वाटत नाही.

या दोन अडचणींवर दहा जोडी हातांचा काही इलाज नाही. गावात हात कमी नाहीत. मुळशीत गवंडी आहेत, बिगारी आहेत, आणि कातकरी स्त्रीपुरुषांइतके विटांचे ज्ञान आपल्यापैकी कोणालाच नाही.

बाहेरून हात नेले की काय होते, ते पाहा. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये 1998 च्या मिच चक्रीवादळानंतर उत्तर अमेरिकेतून स्वयंसेवकांचे जथे घरे बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्या घरांचा आणि स्वयंसेवकांचा अभ्यास केला. स्वयंसेवकांनी बांधलेल्या घराचा खर्च, प्रवास धरून, सुमारे 30 हजार डॉलर पडला. तसेच घर स्थानिक संस्थेने सुमारे 2 हजार डॉलरमध्ये बांधले. घर कोणी बांधले यामुळे तिथे राहणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यात फरक दिसला नाही. आणि गेलेल्या तरुणांच्या आयुष्यातही, परतल्यावर कोणी पाठपुरावा केला नसेल तर, टिकाऊ बदल फारसा झालेला नव्हता. आपला हिशेब करून पाहू. एका मुलाचे भारताचे परतीचे तिकीट 1,200 डॉलर धरले तर दहा मुलांची तिकिटे दहा लाख रुपयांच्या घरात जातात. जनमनच्या पाच घरांचे अनुदान होते तेवढे.

उलट बाजूचेही उदाहरण आहे आणि ते मुळशीला लागून असलेल्या मावळातले आहे. 2006 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटीने मळवलीजवळ पाटण येथे जिमी कार्टर यांच्या नावाचा वार्षिक बांधकाम सप्ताह घेतला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष आणि रोझलिन कार्टर स्वतः थापी घेऊन उभे होते, देशोदेशीचे दोन हजारांच्या आसपास स्वयंसेवक होते, आणि काम होते 100 घरांचे. ब्रॅड पिट आला म्हणून वर्तमानपत्रांनी रकाने भरले. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. 1976 मध्ये जॉर्जियात सुरू झालेल्या या संस्थेच्या पद्धतीत घर फुकट दिले जात नाही. कुटुंब स्वतः बांधकामावर राबते आणि परवडेल तसा पैसा परत करते. स्वयंसेवक शेजारी काम करतो, घरधन्याच्या जागी नाही. आठवड्याच्या कामामागे महिनोन्‌महिन्यांची तयारी असते: कुटुंबे निवडायची, जमीन नक्की करायची, साहित्य आणून ठेवायचे. आपल्या प्रस्तावात आठवडा आहे, हे महिने नाहीत.

किल्लारीनेही हेच शिकवले. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली 52 गावे नव्या जागी हलवली गेली, त्यांतली अनेक देणगीदारांनी सरळ रेषांत बांधून दिली, आणि गल्ली, वाडा, शेजार मोडल्याची खंत तिथे वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली. पण त्याच पुनर्वसन कार्यक्रमात दीड लाखाहून जास्त घरे लोकांनी जागच्या जागी स्वतः दुरुस्त केली, बळकट केली. पैसे घरमालकाच्या हाती, इंजिनिअर सल्ल्याला, आणि गावोगावी महिला मंडळांतल्या स्त्रिया संवाद साहाय्यक म्हणून. घर ज्याचे, त्याच्या हाती काम राहिले.

मग मुलांनी जायचेच कशाला, पैसेच पाठवू, असे आपल्यातले काही व्यवहारी लोक म्हणतात. मला ते पटत नाही. महाराष्ट्राने तरुणांच्या श्रमदानाची परंपरा मोठ्या कष्टाने उभी केली आहे. 1969 मध्ये गांधी जन्मशताब्दीला 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पुण्यातल्या कॉलेजांची सात दिवसांची शिबिरे आजही गावांत भरतात. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीतून आलेल्या किती मुलामुलींनी पुढे सामाजिक कामाला आयुष्य दिले. त्यांच्या त्या आठ दिवसांना पुढचे-मागचे संदर्भ होते, पुन्हा जाण्याची वाट होती. आपली मुले ज्या महाराष्ट्राला ओळखतात तो गणपती, दिवाळी पहाट आणि आजीचा फ्लॅट एवढाच आहे. त्यांनी गवंड्याच्या हाताखाली माल कालवावा, ओळंबा धरायला शिकावे, चुकलेला थर त्याने काढायला लावला तर काढावा, नव्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे. मराठी बोलण्याची गरज त्यांना तिथे खरोखर पडेल. ज्या माणसाकडे मदत घेणारा म्हणून पाहायला आलो तोच आपल्याला शिकवतो आहे, हे एकोणिसाव्या वर्षी कळणे फार महत्त्वाचे आहे.

म्हणून माझी सूचना क्रम बदलण्याची आहे. पहिल्या वर्षी एकही तिकीट काढू नये. मुळशीत कातकऱ्यांमध्ये आधीपासून काम करणारी, परदेशी देणगी घेण्याची एफसीआरए नोंदणी असलेली संस्था शोधावी. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था ही देणगी पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, तेव्हा जी प्रत्यक्ष काम करते तिलाच थेट पैसे द्यावे लागतील. तिच्यामार्फत चार-पाच कुटुंबांची जागा नावावर होईपर्यंतचा खर्च, दाखले, मोजणी, वकील, आपण उचलावा. यात फोटो काढण्यासारखे काही घडणार नाही आणि वर्ष कदाचित पुरणारही नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यातच, उचल घेण्याची वेळ येण्याआधी, त्या कुटुंबांना बांधकामाच्या महिन्यांची मजुरी आगाऊ मिळावी, म्हणजे त्या हंगामात त्यांना भट्टीवर जावे लागणार नाही. सरकारी हप्ते येतील तसे येवोत. स्वतःच्या घरावर राबण्याची मजुरी मंडळाने द्यावी. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर हवे, गवंडी गावातलाच हवा आणि त्याला बाजारभावाने पैसे मिळायला हवेत.

मग मुलांनी जावे. जो जाईल त्याने तिकिटाइतकीच रक्कम घरांच्या निधीसाठी उभी करावी आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत छप्पर गळते का, सांडपाणी कुठे जाते, मुले शाळेत आहेत का, याची विचारपूस करण्याची जबाबदारी घ्यावी. वाडीवर मंडळाच्या नावाची पाटी लागू नये.

यासाठी तीन वर्षे लागतील आणि आत्ता बारावीत असलेली मुले तोवर कॉलेजात असतील. त्यांच्यापासूनच तयारी सुरू करता येईल. वार्षिक सभेत प्रस्ताव मतदानाला येईल तेव्हा सध्याच्या मसुद्याला होकार देऊ नका. त्यात आधी जमीन, मग मजुरी आणि शेवटी तिकिटे असा बदल सुचवा, आणि तो मंजूर झाला तर पहिल्या वर्षाच्या निधीसाठी त्याच सभेत आपले नाव द्या.