तूर म्हणजे डाळ नव्हे!

नववीच्या उर्दूच्या तासाला आम्ही गझल शिकवत होतो. शेरात 'तूर' हा शब्द आला. अर्थ विचारला, तर मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, तुरीची डाळ!" सारा वर्ग हसला, आम्हीही हसलो. घरी येताना मात्र मन खट्टू झाले. मुलगा हुशार, कुरआन शरीफ नाजरा पूर्ण केलेला. मग हजरत मूसा (अ.स.) यांचा किस्सा त्याला कुणी सांगितलाच नाही का?

अशा इशाऱ्याला उर्दूत 'तलमीह' म्हणतात. तलमीह आणि लमहा एकाच अरबी धातूतून आलेले. मुळात अर्थ ओझरती नजर. शायर एकच शब्द टाकतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात सगळी गोष्ट जागी होते. 'तूर' म्हटले की अल्लाहच्या दर्शनाची आस, चूर झालेला पहाड आणि बेशुद्ध पडलेले मूसा (अ.स.) डोळ्यांपुढे येतात. 'कनआन' म्हटले की भावांनी विहिरीत टाकलेले युसूफ (अ.स.) आणि त्यांच्यासाठी रडून दृष्टी गमावलेले याकूब (अ.स.). गोष्टच ठाऊक नसेल, तर शब्दकोश तरी काय करणार? 'एका पहाडाचे नाव' एवढेच तो सांगतो.

सिनेमातही हेच चालते. गुरुदत्तच्या 'प्यासा'त (१९५७) जग ज्याला मेलेला समजते तो शायर आपल्याच स्मरणार्थ भरलेल्या जलशात येतो आणि दारात हात पसरून उभा राहतो, मागून उजेड. काही न बोलता ते दृश्य ख्रिस्ती बांधवांच्या क्रूसाकडे बोट दाखवते. ती आपली श्रद्धा नव्हे. पण ती कथा माहीत असली, तर जिवंतपणी लाथाडून मेल्यावर हार घालणाऱ्या जगाचे दुखणे अधिक खोल कळते.

मराठीच्या तासाला तीच अडचण उलट बाजूने येते. 'सुदाम्याचे पोहे' म्हणजे गरीब मित्राने प्रेमाने आणलेली साधी भेट, हे कृष्ण-सुदाम्याची गोष्ट ऐकलेल्यालाच उमगते. आपली मुले दोन भाषांत वाढतात, ही मोठी दौलत आहे. पण घरच्या गोष्टी घरात सांगितल्या नाहीत आणि शेजारच्या ऐकल्या नाहीत, तर त्यांच्या हाती नुसती डाळ आणि पोहेच उरतील.

आमच्या दादीला लिहिता-वाचता येत नव्हते. तरी युसूफ (अ.स.) यांचा किस्सा ती रोज रात्री थोडा थोडा सांगे आणि आम्ही उद्याची वाट पाहत झोपी जात असू. आम्ही बी.एड. झालो, आणि आमच्या मुलांना मात्र "गप्प बस, अभ्यास कर" एवढेच सांगत आलो. चूक त्या मागच्या बाकावरच्या मुलाची नव्हती.

तेव्हा वाचकहो, आज इशाच्या नमाजनंतर मोबाईल बाजूला ठेवा, मुलांना जवळ बसवा आणि एक किस्सा सांगा. अर्ध्यावरच थांबलात तरी चालेल. बाकीचा ती उद्या मागून घेतील.