धावायला गाडी काढा

रविवारी पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सच्या चढावर किंवा सिव्हिल लाइन्समधल्या वॉकर्स स्ट्रीटवर चक्कर मारा. रस्त्याच्या कडेला चारचाकींची रांग लागलेली दिसेल. बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर, बेलतरोडी अशा टोकाच्या वस्त्यांमधून आलेली ही मंडळी तासभर चालतात, पळतात, तर्री-पोहे खातात आणि गाडीत बसून घरी जातात. काहींच्या गाडीच्या पाठीला सायकल बांधलेली असते. सायकल चालवण्यासाठी सायकल मोटारीने न्यावी लागते, हे नागपूरकराला आता विचित्रही वाटत नाही.

त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण त्यांना घराजवळ वाटच नाही. नागपुरात पळण्या-चालण्याच्या ज्या चांगल्या जागा आहेत, त्यातल्या बहुतेक पश्चिमेला किंवा वायव्येला आहेत. साहेबांच्या बंगल्यांसाठी वसवलेली सिव्हिल लाइन्स, तेलंगखेडी-फुटाळ्याचा परिसर, १८७० मध्ये बांधलेला अंबाझरी तलाव, त्याच्यालगतचे वनविभागाचे साडेसातशे हेक्टरांच्या आसपासचे जैवविविधता उद्यान, पलीकडे गोरेवाडा. यांतले काही इंग्रजांच्या काळाने दिले, काही जंगलाने राखले. गेल्या तीस-चाळीस वर्षांत शहर मात्र दक्षिणेला वाढले, आणि या वाढलेल्या शहराने स्वतःची अशी एकही वाट तयार केली नाही.

याचे कारण लेआउटमध्ये आहे. नागपूर वाढले ते शेताशेताने. एका मालकाने आपले शेत मोजले, प्लॉट पाडले, मधे तीस फुटांचा रस्ता काढला आणि धुऱ्याशी येऊन थांबला. शेजारच्याने आपल्या सोयीने तेच केले. पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याने यातले अनेक लेआउट नियमित झाले. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे नागपुरात लेआउटांची नावे म्हणूनच ओळखले जातात. नियमित झाले ते प्लॉट. रस्ते होते तिथेच, धुऱ्यावर अडकून राहिले. आजही या वस्त्यांमधले आतले रस्ते पळायला उत्तम आहेत. रहदारी नाही, कडुलिंबाची सावली आहे, ओट्यावर पेपर वाचणारे काका आहेत. पण तीनएकशे मीटर गेलात की भिंत. भिंतीपलीकडे तसाच शांत रस्ता, त्याच्या टोकाला पुन्हा भिंत. मग एकाच गल्लीत घाण्याच्या बैलासारखे फिरा, नाहीतर मुख्य रस्त्यावर या.

मुख्य रस्त्यावर पहाटे रेती-गिट्टीचे टिप्पर असतात, आणि असतो सिमेंटचा रस्ता. सिमेंटवर पळून गुडघे जातात की नाही, हा वाद डॉक्टरांवर सोडू. धावणाऱ्याचा घोटा जातो तो कडेला. जुन्या डांबरावर सिमेंटचा थर चढला, रस्ता वीतभर वर आला आणि कडेची जागा खालीच राहिली. कुठे त्यात गट्टू बसवले, कुठे मुरूम टाकला, कुठे दोन्हीतले काहीच नाही. मागून टिप्परचा हॉर्न आला की सायकलवाल्याला खाली उतरायचे असते आणि उतरायला उतार नसतो. त्यात दोन पट्ट्यांमधला लांबच लांब सांधा उघडा पडलेला असेल, तर बारीक टायर त्यात बरोबर शिरते. फुटपाथ? वस्तीतला फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. इथे त्या जागेत डीपी, बांधकामाची रेती आणि खर्ऱ्याचा ठेला अशी तिघांची वाटणी आधीच झालेली असते.

शहराला सायकलीचे वावडे आहे असेही म्हणता येत नाही. केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०२० मध्ये सायकलींसाठी शहरांची स्पर्धा घेतली, तिच्या अकरा विजेत्यांत नागपूर होते. त्या निमित्ताने काही रस्त्यांच्या कडेला पट्टेही आखले गेले. त्यावर गाड्या उभ्या करायची सोय झाली. अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण करणारे डॉ. अमित समर्थ याच गावचे. मेट्रोच्या डब्यात सायकल घेऊन जायला परवानगी आहे. फक्त बेशाहून मेट्रोच्या स्थानकापर्यंत सायकलने सुखरूप पोचायचे कसे, एवढे तेवढे कोणी सांगत नाही.

आता ‘ट्रॅक’ मागितला, तर काय मिळेल ते ठाऊक आहे: चारशे मीटर गट्टू, दोन्ही टोकांना कमान, कमानीवर फोटो आणि शेवटी एक सेल्फी पॉइंट. तो नको. वाट आधीपासून आहे, ती फक्त तुकड्यांत आहे. महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि बेसा-पिपळ्याची नगरपंचायत यांच्या अभियंत्यांनी एका टेबलावर आपापले नकाशे पसरावेत आणि आतल्या रस्त्यांची टोके जोडत जावे. बऱ्याच मंजूर नकाशांत रस्ता पुढच्या लेआउटला मिळालेला दाखवलेलाच असतो. भिंत तेवढी नंतरची. पोहरा नदीच्या काठाची पट्टी यात आली तर सोन्याहून पिवळे. मात्र त्याआधी नदीत सांडपाणी सोडणे थांबले पाहिजे, नाहीतर तिथे नाक धरून पळावे लागेल.

आणि दिवे. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात उन्हाळ्याचे पळणे सूर्य उगवायच्या आत उरकावे लागते, म्हणजे अंधारात. पुरुष मोबाइलच्या उजेडात निघतात. बायका अंगणातच फेऱ्या मारतात किंवा गच्चीवर. जिथे चार दिवे लागले तिथे आठवड्याभरात बायकांचे घोळके चालायला लागतात, हे कुठल्याही वस्तीत पाहून घ्यावे.

खरा विरोध मात्र कार्यालयांतून होणार नाही. तो आपल्यातूनच होईल. भिंतीत वाट काढायची म्हटले की लेआउटची सभा भरेल आणि पहिलेच वाक्य येईल, ‘चोऱ्या होतील.’ दुसरे, ‘पोरं इकडून गाड्या काढतील.’ दुसऱ्या वाक्यात तथ्य आहे, आणि त्यावर इलाजही आहे. भिंत पाडू नका. तिच्यात माणूस आणि हातात धरलेली सायकल जाईल एवढी फट ठेवा आणि समोर दोन लोखंडी खांब असे आडवे-तिडवे रोवा की मोटारसायकल वळणारच नाही. चोरांचे म्हणाल, तर पहाटे पाचपासून ज्या गल्लीतून शंभर पाय जातात, ती गल्ली त्यांनाच फारशी आवडायची नाही.