सातबाऱ्यात विषाला रकाना नाही

दोस्तहो, माझा बा चिमूर तालुक्यात जमीन मोजतो.

हसू नका. तो सरकारी मोजणीदार नाही. मोजणीदाराची काठी धरून उन्हात उभा राहतो, रोजीनं. मी मुंबईच्या गोदीत पाठीवर माल घेतो, तो गावात दुसऱ्याच्या जमिनीची हद्द हातात घेतो. दोघांच्या नावावर एक गुंठा नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी गावाकडे गेलो. ताडोब्याच्या कोलारा गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला एक शेत विकलं गेलं होतं. वाघ बघायला गाड्या येतात, म्हणून जमिनीला सोन्याचा भाव. ले-आउट पडणार होता. मोजणीदार रोव्हर घेऊन आला, उपग्रहाला विचारलं, आणि दुपारच्या आत हद्दी पक्क्या. पुढं चुन्याच्या रेषा, सिमेंटचे खुंट, प्लॉटचे नंबर.

त्याला लागूनच आमचा दीड एकराचा तुकडा. आजानं मोडला, बा कसतो. बा म्हणाला, "साहेब, आमचंबी मोजून द्या ना जी." साहेबानं काठी मागून घेतली आणि म्हणाला, "तुझं कागदावर आहेच कुठं?"

खरं आहे. कागदावर तिथं झुडपी जंगल आहे.

झुडपी जंगल म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावं लागेल. मालगुजारी गेली तेव्हा पूर्व विदर्भातली झुडपांची, ढोरं चारायची पडीत जमीन या नावानं निस्ताराच्या कागदात चढली. गावातल्या भूमिहीनानं तीच मोडून पोट भरलं. 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, झुडपी जंगल हे जंगलच. 12 डिसेंबर 1996 च्या आधी सरकारनं वाटलेल्या जमिनींना संरक्षण दिलं. पण ज्याला सरकारनं काही वाटलंच नाही, नुसता घाम गाळला, त्यानं कोणता कागद दाखवायचा?

वनहक्क कायदा आहे ना, असं शहाणे सांगतात. 2006 चा. वाचा तो. आदिवासी नसलेल्यानं 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, त्या जंगलाच्या आसऱ्यानं काढल्याचं दाखवायचं. म्हणजे 1930 पासून. 1930 साली माझ्या पणज्याला पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हतं, त्याला पट्टा कोण लिहून देणार होतं? नियमांत म्हाताऱ्यांची लेखी साक्ष पुरावा म्हणून चालते. कचेरीत चालत नाही. आमचा दावा परत आला.

आता दुसरी बाजू बघा. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. शेतीचे बारीक तुकडे करू नका, एवढंच तो सांगतो. तरी गुंठ्यानं जमीन विकली गेली, उघड्यावर, बोर्ड लावून. हा बेकायदा व्यवहार नियमित करायला सरकार आधी बाजारभावाच्या 25 टक्के मागत होतं. 2024 साली 5 टक्क्यांवर आलं. 2025 साली अध्यादेश काढून शून्य केलं, 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतच्या व्यवहारांना. ज्या गरिबानं घरासाठी एक गुंठा घेतला त्याचं भलं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा सवाल एवढाच: कायदा मोडून विकणाऱ्याला वर्षभराचा व्यवहार पुरतो, आणि जमीन मोडून कसणाऱ्याला 75 वर्षं पुरत नाहीत, ते कसं?

पण गुंठा मिळाला म्हणजे सुटलो असंही नाही.

माझ्या मामानं चंद्रपूरच्या बाहेर एक प्लॉट घेतला. 33 फूट बाय 33 फूट, आयुष्यभराची कमाई. पाया खणला तर हातभर मुरमाखाली राख. काळी, पिठासारखी. खोलगट जागा भरायला कोणीतरी ट्रकच्या ट्रक ओतलेली. कोळशाच्या राखेत आर्सेनिक असतं, शिसं असतं, पारा असतो. त्याचा सातबारा मी बघितला. क्षेत्र बरोबर, आकार बरोबर, हद्दी बरोबर. राख कुठंच नाही. सातबाऱ्यात पिकाला रकाना आहे, कर्जाला आहे, विहिरीला आहे. विषाला नाही.

चंद्रपूर म्हणजे काय? 2009 साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची मोजणी केली, त्यात चंद्रपूर 83.88 गुणांनी चौथं. तेवढे गुण मला मॅट्रिकला पडले नव्हते. घुग्गुसला 26 ऑगस्ट 2022 ला आमराई वॉर्डातलं एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी भुयारी खाण. वर वस्ती मोजलेली, खालचं भोक कोणी मोजलेलं नव्हतं.

जुलै 2025 मध्ये केंद्रानं दूषित जागांचे नियम काढले. संशयित जागांची यादी करा, माती तपासा, ज्यानं विष कालवलं त्याच्याकडून खर्च घ्या. मी खूश झालो. पुढं वाचलं तर खाणकामातून झालेलं दूषण त्यातून वगळलेलं. त्याला म्हणे वेगळे कायदे आहेत. आमच्या जिल्ह्यातून खाण वगळली की उरतं काय, ठणठणगोपाळ?

2020 साली चिमूर तालुक्यातला बंदर कोळसा पट्टा लिलावाच्या यादीत आला. वाघाच्या वाटेवर आहे म्हणून ओरड झाली आणि यादीतून निघाला. चांगलं झालं. पण माणसाच्या वाटेवर असता तर निघाला असता का?

इथं मुंबईतही तेच चाललंय. बंदराची शेकडो हेक्टर जमीन, पूर्व किनाऱ्याचा विकास म्हणून नकाशे रंगलेत. दारूखान्यात जहाजं तुटली, त्यांचं तेल आणि रंग मातीत मुरला, आणि तोडणाऱ्यांच्या फुप्फुसात. उद्या तिथं बाग होईल, टॉवर होईल. माती साफ करायला फावडं कोणाच्या हातात देतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून अर्ज-विनंत्या पुरे. ले-आउटला मंजुरी देण्याआधी माती आणि पाणी तपासा आणि निकाल सातबाऱ्यावर चढवा. राख, खाण, कचरा, जे असेल ते लिहा. दूषित जागांच्या नियमांतली खाणीची पळवाट बुजवा. आणि रोव्हर झुडपी जंगलातही फिरवा. कसणाऱ्याचा तुकडा मोजा, 75 वर्षांची अट काढा, म्हाताऱ्याची साक्ष कागदाइतकी माना.

16 ऑगस्ट 1942 ला चिमूर इंग्रजावर उठलं. त्याच चांद्यात 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी आमच्या माणसांना धम्म दिला. 1964-65 साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीन जमिनीसाठी तुरुंगात गेले. तो सत्याग्रह संपला असं कोणी समजू नये.

बा अजून काठी धरून उभा आहे. दोस्तहो, काठी त्याच्याच हातात आहे, एवढं साहेबांनी ध्यानात ठेवावं.

जय भीम.