पाच-पाच वर्षांचा परवाना

आमच्या पुसदहून बाहेर पडायचे म्हटले की आधी घाट लागतो. गाव पूस नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत बसलेले. वाशीमकडे निघालात तर खंडाळ्याचा घाट चढावा लागतो, दुसरीकडे निघालात तरी थोडाफार चढउतार सुटत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे पुसदवरून जाणार, हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. तोवर एसटी आणि स्वतःची गाडी यांच्यावरच गावाची भिस्त. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला मोटारसायकलचे जे अप्रूप असते, ते मुंबई-पुण्याच्या माणसाला चटकन कळायचे नाही.

माझी सारी नोकरी गाडीवर गेली. जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक होतो. तांड्यातांड्यांवर जाऊन जनावरांना लस टोचायची, अडलेली गाय सोडवायची, हे काम. आधी राजदूत होती. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचे, धूर सोडत चढ चढायचा. १९९९ मध्ये कर्ज काढून हिरो होंडा स्प्लेंडर घेतली. तीच आजही दारात उभी आहे. एमएच-२९ची पाटी, सत्त्याण्णव सीसीचे इंजिन आणि माझ्या गुडघ्यांनी घासून पांढरी झालेली टाकी. मी २०१६ मध्ये निवृत्त झालो, ती झाली नाही.

या गाडीचे आणि माझे सरकारदरबारी एकच कलम आहे. गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे होते. माणसाने पंचावन्न ओलांडली की वाहन परवानाही पाच-पाच वर्षांचाच मिळतो, आणि त्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. गाडीचे कागद आणि माझा परवाना २०२४ मध्ये एकाच महिन्यात पुढे सरकले. दोघांचीही मुदत २०२९ पर्यंत. तेव्हा मुलगा हसत म्हणाला होता, "बाबा, आता दोघांनीही घरीच बसा." मी हसलो नाही, कारण त्यातले अर्धे तो गंभीरपणे बोलत होता हे मला कळले होते.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि घरात एक जुना विषय निघाला. हिने साडेतीन शक्तिपीठांचा नवस बोलला होता. माहूर आम्हाला घरच्यासारखेच. तिथे दोघे मिळून गेलो, पण पायऱ्या उतरून आल्यावर ही खालीच बसली. गुडघे संपले होते. म्हणाली, "बाकीच्या ठिकाणी माह्यानं होत नाही. तुम्ही माझी ओटी घेऊन जा." मी लगेच हो म्हटले. जाणार कशाने, हे मात्र दोन दिवस सांगितले नाही.

सांगितल्यावर जे व्हायचे ते झाले. मुलगा म्हणाला, "पासष्टच्या पुढे एसटीला अर्धे तिकीट आहे, मग जीव कशाला धोक्यात घालता?" सूनबाईने फोनवर रस्ता काढून दाखवला: तुळजापूर, कोल्हापूर, वणी आणि परत, म्हणजे सोळा-सतराशे किलोमीटर. ही तेवढी गप्प होती. रात्री म्हणाली, "काहून हट्ट करता?" मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो.

निवृत्तीनंतर माणसाचे वेळापत्रक दुसऱ्यांच्या हातात जाते. कोणी नेईल तेव्हा जायचे, कोणी आणेल तेव्हा यायचे. चहा कुठे प्यायचा, कुठे थांबायचे, हे गाडी चालवणारा ठरवतो. मुले प्रेमाने नेतात, यात वाद नाही. पण मागच्या सीटवर बसून पाहिलेला रस्ता आपला राहत नाही. आणखी पाच वर्षांनी मी मागच्या सीटवरच असणार आहे. त्याआधी एकदा हँडल हातात धरून महाराष्ट्र ओलांडावा, एवढीच माझी इच्छा होती.

शेवटी मुलाने माघार घेतली. हिने तीन पिशव्यांत खण, तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून दिले. नारळ तिथे घ्यायचा ठरला. डिकीत ट्यूब, क्लच केबल, प्लग आणि पान्यांचा जुडगा. पहाटेची थंडी ओसरल्यावर निघालो. उमरखेड सोडून पैनगंगा ओलांडली की विदर्भ मागे पडतो आणि हदगावपासून मराठवाडा सुरू होतो. अर्धापूरच्या केळीच्या बागा पाहत नांदेडला पहिला मुक्काम केला, लातूरला दुसरा. तिसऱ्या दिवशी औशाच्या पुढे उसाच्या रसाच्या दुकानासमोर वाळूवरून चाक घसरले आणि मी गाडीसकट आडवा झालो. वेग नव्हता, खरचटण्यावर निभावले. दुकानदार धावत आला, "काका, लागलं का?" दोघांनी मिळून गाडी उचलली. शंभर-सव्वाशे किलोचाच तर ऐवज. ती जड बुलेट असती तर माझ्या पायाचे काय झाले असते, हा विचार रस पिताना आला.

तुळजापूरला एक अडचण मला आधी सुचलीच नव्हती. ओटी बाईमाणसाने भरायची. मी पिशवी घेऊन रांगेत उभा. पुढे एक बाई लेकीला घेऊन उभ्या होत्या. त्यांना म्हटले, "ताई, माझ्या घरून ओटी आली आहे, तिचे गुडघे चालत नाहीत." त्यांनी नावगाव विचारले, हिचे नाव घेऊनच ओटी भरली आणि आम्हाला फोन लावून द्या म्हणाल्या. दोघी पाच मिनिटे बोलल्या. कोल्हापूरला आणि वणीलाही हेच झाले. तिन्ही वेळा अनोळखी बाई, आणि एकीनेही नाही म्हटले नाही.

इथपर्यंतची हकीकत मी घरी रोज रात्री फोनवर सांगत होतो. पुढची मात्र दीड महिना कोणालाच सांगितली नाही.

सोलापुरात जुना सहकारी भेटला. जेवण, गप्पा, पुन्हा चहा. पंढरपूर फार दूर नाही म्हणून चार वाजून गेल्यावर निघालो. वाटेत मागचे चाक पंक्चर झाले. ते काढून मोहोळ सोडेपर्यंत दिवस मावळला. समोरून येणाऱ्या दिव्यांचे मला मोठाले गोल दिसू लागले, आणि त्या गोलांच्या बाजूला काय आहे ते काहीच दिसेना. हंगाम साखर कारखान्यांचा. अचानक दोन हातांवर उसाचा डोंगर उभा राहिला. ट्रॅक्टरला जोडलेली भरली ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. कसा कोण जाणे, मी डावीकडे मुरमात उतरलो आणि थांबलो. गाडी बंद पडली. किक मारायला पाय उचलेना. दहा-बारा मिनिटे तसाच बसून होतो. मग ताशी वीसच्या वेगाने पुढच्या धाब्यापर्यंत गेलो आणि रात्र तिथल्या बाजेवर काढली. घरी सांगितले, पंढरपूरला पोचलो.

ट्रॉलीला दिवा नव्हता हा दोष खराच, आणि दर हंगामात त्यापायी माणसे मरतात. पण धाब्यावर पडल्या पडल्या मला कळत होते की निम्मा दोष माझ्या डोळ्यांचा आहे. संध्याकाळी दिव्यांभोवती गोल दिसतात हे मला सहा महिन्यांपासून माहीत होते. परवान्याच्या तपासणीत दिवसाउजेडी तक्त्यावरची अक्षरे वाचली होती. तक्त्यावर अंधार नसतो.

पुढचा प्रवास मी दिवस मावळायच्या आत संपवला. सांगोला, मिरज करीत कोल्हापूर. तिथून कराड, सातारा, आणि पुण्याची गर्दी टाळून फलटण, दौंड, अहिल्यानगर, शिर्डी. नांदुरीहून सप्तशृंगीचा गड दुसऱ्या गिअरवर चढलो. वरच्या पायऱ्यांना २०१८ पासून रेल्वेसारखी ट्रॉली झाली आहे, ती पाहून वाटले, ही इथे येऊ शकली असती. परतताना जालना, सिंदखेड राजा, मेहकर. मालेगावच्या अलीकडे समृद्धी महामार्ग दिसतो. तिथे मोटारी ताशी एकशेवीसने जातात आणि दुचाकीला प्रवेश नाही. मला त्याचे दुःख झाले नाही. जुन्या रस्त्यावर चहा आहे, पंक्चरवाला आहे, झाडाखाली थांबता येते. माझ्या वयाला दर तासाला थांबावेच लागते, त्याचे कारण समवयस्क वाचक जाणतात. सगळे मिळून सतराशे किलोमीटरच्या वर झाले, तीस लिटरच्या आसपास पेट्रोल लागले. अकराव्या दिवशी खंडाळ्याचा घाट उतरलो.

लहान गाडीच का, असे अनेकांनी विचारले. सायमन गॅन्डॉल्फी नावाच्या इंग्रज लेखकाने २००६ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझहून दक्षिण अमेरिकेच्या शेवटच्या टोकापर्यंत प्रवास केला तो सव्वाशे सीसीच्या होंडावर. तिकडे अशा गाड्यांवरून पिझ्झा पोचवतात. मोठ्या गाड्यांवर फिरणारे हौशी लोक अशा गाडीला हसतात. पण म्हातारपणाचा हिशेब वेगळा आहे. लहान गाडी आडवी झाली तर उचलता येते, बंद पडली तर ढकलता येते. तिचा पार्ट हदगावला मिळतो तसा सांगोल्यालाही मिळतो, आणि कुठल्याही गावचा मेकॅनिक ती डोळे मिटून खोलतो. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे ती स्वतःच कुरकुरते. साठीनंतर आपली नजर आणि हात जितक्या वेगाने चालतात, साधारण तेवढाच हा वेग असतो.

तरीही मुलाची भीती खोटी नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली शेकडा चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेल्यांचीच संख्या पन्नास हजारांवर होती. अपघात सर्वांत जास्त होतात ते संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत, म्हणजे मी मोहोळजवळ होतो त्याच वेळेत. हे आकडे पाहिल्यावर 'मी चाळीस वर्षे गाडी चालवतोय' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. ते वाक्य मीही अनेकदा तोंडावर फेकले आहे.

मार्चमध्ये मुलाला सगळे सांगितले. तो रागावला नाही, खूप वेळ बोलला नाही इतकेच. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मोतीबिंदू निघाला. पाठोपाठ दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले. मग आम्ही बापलेकांनी एका संध्याकाळी कागद घेतला आणि त्यावर लिहिले. दिवस मावळला की गाडीला हात लावायचा नाही. एका दिवसात दीडशे किलोमीटरच्या वर जायचे नाही. गल्लीतून निघतानाच हेल्मेट घालायचे. आणि खाली, किल्ली कधी द्यायची ते. डोळ्यांचा डॉक्टर नाही म्हणाला तर. माझ्या चुकीने एका वर्षात दोनदा पडलो तर. आणि ज्या दिवशी गाडी एकट्याला डबल स्टँडवर लावता येणार नाही, त्या दिवशी. शेवटची अट माझी. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

हे सगळे जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे, की ही गोष्ट आज घरोघरी आहे. कुठे मुले वय पाहून एक दिवस किल्ली लपवतात आणि म्हातारा आतून खचतो. कुठे म्हातारा हट्टाने चालवत राहतो, आणि घरातले रोज संध्याकाळी दाराकडे पाहत बसतात. सत्तराव्या वर्षी एखाद्याची नजर चांगली असते, साठाव्या वर्षी एखाद्याची गेलेली असते, म्हणून नुसत्या वयावर निकाल देता येत नाही. पण निकाल कशावर लागणार, हे चालवणाऱ्याने आधी, शांत डोक्याने, घरच्यांसमोर सांगायला हवे. पडल्यावर सांगून उपयोग नाही. सरकार पाच वर्षांनी एकदा विचारते. मधल्या काळात विचारायचे काम आपलेच आहे, आणि घरच्यांपासून लपवलेला एक मोतीबिंदू माझा सगळा प्रवास संपवू शकला असता.

आता हिने सप्तशृंगीच्या त्या ट्रॉलीचे मनावर घेतले आहे. दोघे एसटीने जाणार आहोत, तिचेही तिकीट अर्धेच आहे. गाडी तोवर घरी राहील.

परवा एक तारीख होती. दर महिन्याच्या एक तारखेला मी सकाळी गाडी अंगणात काढतो, पुसतो आणि डबल स्टँडवर लावतो. मुलगा ओसरीवर पेपर वाचत बसलेला असतो. परवा पहिल्या झटक्यात स्टँड लागला नाही, दुसऱ्यात लागला. मी मान वर करून पाहिले तेव्हा पेपर त्याच्या तोंडासमोरच होता. पण पान काही उलटले नव्हते.